दगडाला बिलगणारा मासा

कौशिका नगरीवर राजा भद्रसेनाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व जवळच्या डोंगरओढ्यात मासा होऊन राहत होते. करंगळीएवढा देह, खडकासारखा करडा रंग, तोंडाभोवती मिशा. त्यांचे सारे कुळ तिथेच नांदत होते.

राजवैद्य अनुविंद औषधी शोधत त्या ओढ्याशी आला. मोठमोठे मासे धारेबरोबर भेलकांडत जात होते; हे इवलेसे मात्र खडकावर स्वस्थ होते. त्याने एकाला बोटाने ढकलले. तो हलला नाही. 'याला धरून ठेवते तरी कोण?' औषधी विसरून त्याने काही मासे खरवडून मडक्यात घेतले आणि चिरून पाहायला सुरी काढली.

तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या पायाशी आले. "वैद्यराज, मला तळहातावर घेऊन पाहा. त्याला सुरी कशाला?"

अनुविंदाने चकित होऊन त्यांना उचलले. छातीखाली कातडीला बारीक चुण्या होत्या. त्या त्याच्या ओल्या हाताला घट्ट चिकटल्या.

"एवढ्यानेच?"

"शिवाय आम्ही पाण्याशी झुंजत नाही. अंग टेकून त्याला वरून जाऊ देतो."

अनुविंदाने त्यांना पाण्यात सोडले. "तुला जीवदान. पण या चुण्यांच्या आत काय आहे, ते मडक्यातल्यांना चिरल्याशिवाय कसे कळणार?"

इतक्यात वरच्या डोंगरातल्या पावसाचा लोंढा आला. मडके फुटले, मासे खडकांना बिलगले. अनुविंदाचे पाय उखडले. एका शिळेला धरून तो उभा राहू पाहत होता आणि हात निसटत होते.

"वाहून जाऊ दे त्याला," मंदिका नावाची मासोळी म्हणाली. "तो गेला की सुरी गेली."

"त्याला चुण्या नाहीत, मंदिके. पण छाती आहे," असे म्हणून बोधिसत्त्वांनी दगड सोडला. लोंढ्यात गटांगळ्या खात ते त्याच्या कानाशी पोचले. "उभे राहू नका! पालथे पडा, छाती टेका!"

अनुविंद शिळेवर पालथा पडला. पाणी पाठीवरून गेले आणि तो वाचला. बोधिसत्त्व मात्र वाहून गेले होते.

लोंढा ओसरल्यावर तो खाली खाली शोधत गेला. एका डोहाच्या काठी, शेपटी फाटलेले, ते त्याला सापडले.

"दगड का सोडलास?" त्याने विचारले.

"तुमचे पुष्कळ विचारायचे राहिले होते, वैद्यराज."

अनुविंदाला रडू आले. पुढे तो वारंवार ओढ्यावर येई, तासन् तास माशांकडे पाही, विचारी. सुरी मात्र कधी आणली नाही.

ही कथा सांगून शास्ता, भिक्षुसंघाचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजवैद्य म्हणजे आपला शंकेखोर वारुण भिक्षू. मंदिका ही आजची भिक्षुणी क्षेमांकी, आणि तो मासा मीच. मारू पाहणाऱ्याचाही जीव जपणे, हीच मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."