जळालेल्या घराची ओसरी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो. इतकी जुनी, की तेव्हा त्या डोंगराखालच्या गावात दाराला कुलूप कुणी लावत नसे आणि झाडून सगळ्या घरांची छपरं गवतानं शाकारलेली असत. गवताचं छप्पर उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण ठिणगी पडली की संपलंच सगळं.

म्हणून गावानं एक जळीतकोठी बांधली होती. सुगी झाली की प्रत्येक घरानं आपल्या वाट्याची ज्वारी त्या कोठीत नेऊन ओतायची. ज्याचं घर जळेल त्याचं घर कोठीच्या धान्यावर पुन्हा उभं राहायचं, गवंड्याची मजुरी कोठीच द्यायची. ज्याचं घर कधीच जळलं नाही त्याला दाणाही परत मिळत नसे, आणि गंमत म्हणजे तो मागतही नसे. तशी माणसं होती ती!

कोठी एक म्हातारी सांभाळायची. गाव तिला कोठीआजी म्हणायचं. तिचा नियम एकच. घरधन्यानं पारावर येऊन चार माणसांत ‘माझं घर मला मिळालं’ असं म्हटलं, की ती गवंड्याला धान्य द्यायची. त्याआधी खुद्द राजा आला असता तरी तिनं कोठीचं दार उघडलं नसतं.

आणखी एक रीत होती. तिला ‘घर ऐकणं’ म्हणत. भिंतीला हात लावायच्या आधी गवंडी एक संध्याकाळ घरधन्याबरोबर त्या राखेत जाऊन बसायचा. घरधनी सांगायचा, जातं कुठं होतं, सकाळचं ऊन कुठवर यायचं, कुठल्या चौकटीला पाहुण्याचं डोकं हटकून आपटायचं. गवंड्यानं नुसतं ऐकायचं. मग दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं.

तर एका चैत्रात वारा सुटला, कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि एका रांगेतली तीन घरं जळाली. माणसं वाचली, गुरं वाचली. पण तिसरं घर होतं एका म्हाताऱ्या विणकराचं, आणि त्याचा माग काही वाचला नाही.

म्हातारा एकटा होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. चिमा नावाची एकुलती एक लेक नदीपल्याड दिली होती. आता तिला दिवस गेले होते, आणि पहिलटकरीण माहेरी यायची ती याच घरात. त्यामुळे म्हाताऱ्याला घराची घाई होती. पण जळक्या जागेकडे त्याला बघवत नव्हतं. देवळाच्या पडवीत तो पथारी टाकून पडायचा आणि डोळे मिटून घर आठवत राहायचा.

काय घर होतं ते! आणि त्याची ती ओसरी! उन्हाळ्यात चिमाची मामेभावंडं यायची, बाजाराला आलेले पाहुणे मुक्कामाला थांबायचे, वाट चुकलेला गोसावीसुद्धा तिथेच आडवा व्हायचा. वीस-वीस माणसं झोपायची. बायको प्रत्येकाला वाकळ द्यायची आणि ज्याला त्याला पोटभर भाकरी वाढायची. पडवीत पडल्यापडल्या म्हाताऱ्याला ती ओसरी दिसायची आणि त्याचा जीव गलबलून यायचा.

गवंडी हाताचा पक्का होता, पण तोंडाचा फटकळ. शिवाय तीन घरं एकदम अंगावर पडलेली. घर ऐकायला तो आलाच नाही. “जोतं शाबूत आहे ना?” तो म्हणाला. “मग ऐकायचं काय त्यात? घर किती लांब, किती रुंद ते दगडच सांगतायत.” त्यानं राख झाडली, जोत्याला दोरी लावली आणि भिंती चढवल्या.

भिंती झाल्या, वासे चढले, आणि एके सकाळी मन घट्ट करून म्हातारा बघायला आला. आला तो उभाच राहिला.

“ही ओसरी?” तो म्हणाला.

“मग काय राजवाडा?” गवंडी वरून बोलला.

“अरे, वीस माणसं झोपायची माझ्या ओसरीवर! इथं पाच माणसं धड बसायची नाहीत. कोठीची ज्वारी पुऱ्या घराची घेणार आणि अर्धं घर बांधून माझ्या तोंडाला पानं पुसणार होय?”

गवंडी शिडीवरून खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. “आजोबा, जुन्याच जोत्यावर बांधलंय. वीतभर इकडे नाही, तिकडे नाही.”

“दगड सरकवले असशील!”

झालं! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या गवंड्यानं जन्मात कुणाचा एक दगड सरकवला नव्हता. त्यानं थापी पिशवीत टाकली, ओळंबा गुंडाळला, शिडी खांद्यावर घेतली आणि घर तसंच उघडं टाकून तो चालता झाला. वर गवताची काडी नाही, नुसते वासे.

मग पारावर गाव जमलं. आता गावाला विचारावं तर आणखीच पंचाईत. एक म्हणाला, “ओसरी मोठी होती हो. त्याच्या लग्नात अख्खी पंगत बसली होती तिथं.” दुसरा म्हणाला, “दोन पंगती!” तिसरा तर बैलगाडी वळायची म्हणाला. बोलणारे सगळे लहानपणी तिथे जेवलेले. प्रत्येकाचे डोळे भरून आले आणि प्रत्येकाबरोबर ओसरी हातभर वाढत गेली. दुरून डोंगर साजरे, ते काय उगीच म्हणतात? गवंडी एकटा पडला. जोतं मोजून बघा, असं त्यानं चारदा सांगितलं. पण दगडच सरकवलेत म्हटल्यावर मोजून उपयोग काय?

कोठीआजीनं दोघांचं ऐकून घेतलं. “विणकरबाबा, तुमचं घर तुम्हाला मिळालं?”

“नाही,” म्हातारा म्हणाला.

“मग कोठी उघडायची नाही,” आजी म्हणाली, आणि गवंड्याकडे वळली. “आणि तू रे, घर ऐकलंस?”

गवंड्यानं पिशवी उचलली आणि घरची वाट धरली.

दिवस जायला लागले. गवंडी येईना, म्हातारा त्याला बोलावेना. ‘मी का जाऊ?’ दोघांचं हेच. म्हातारा रोज सकाळी त्या उघड्या वाशांखाली येऊन उभा राहायचा. लेकीला कुठं ठेवणार होता तो? देवळाच्या पडवीत, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर? तिची आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. पण ती नव्हती, आणि तिची ओसरीही आता चोरीला गेली होती. म्हातारा भिंतीला टेकून चक्क रडला.

आणि एका दुपारी गाडी आली. चिमाला लवकरच आणलं होतं, पोटानं जड झालेली, पायांवर सूज. बापाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं.

“पोरी, घर नाही गं,” तो म्हणाला. “लुबाडलं बघ मला.”

चिमानं काही ऐकलं नाही. हात टेकत टेकत ती ओसरीवर चढली, भिंतीला पाठ लावून बसली आणि पाय लांब केले. पावलं ओसरीच्या काठाबाहेर गेली. ती हसायलाच लागली.

“बाबा, अगदी तीच! माझे पाय इथंच बाहेर यायचे.”

“काहीतरीच काय! वीस माणसं झोपायची.”

“झोपायची ना! एकमेकांच्या अंगावर. मामाच्या पोराचा गुडघा रात्रभर माझ्या बरगडीत. आणि कुणी नवं आलं की आई म्हणायची, ‘सरका रे जरा, सरका.’ आम्ही सरकायचो. आणि तरी जागा झाली नाही की आई काय करायची, आठवतं?”

म्हातारा ओसरीच्या काठावर टेकला.

“ती आत चुलीपाशी जाऊन बसल्याबसल्या झोपायची. आणि तुम्ही अंगणात बाजेवर. तुम्हाला कशी दिसणार गर्दी? ओसरी कुठं मोठी होती, बाबा? आई जागा करायची.”

म्हाताऱ्यानं ओसरीच्या काठाला हात लावला. कडेचा तो दगड कोपऱ्यात झिजलेला होता, वर्षानुवर्षं तिथं पाय देऊन देऊन. तो दगड त्यानं आल्या दिवशी बघितलाच नव्हता. ‘मी त्या माणसाला चोर म्हणालो,’ तो पुटपुटला, आणि त्याला आपलीच शरम वाटली.

तो तसाच उठला आणि गवंड्याच्या दारात गेला. “माझं चुकलं, बाबा,” तो म्हणाला. “दगड तिथंच आहेत. माझी नजर हलली होती.”

भांडायला गवंडी तयार होता, माफी ऐकायला नव्हता. मुकाट्यानं शिडी घेऊन तो म्हाताऱ्याच्या मागोमाग आला.

ओसरीवर बसलेल्या चिमानं त्यालाही सोडलं नाही. “गवंडीदादा, सगळं जागच्या जागी आहे. पण आत मधल्या तुळईला एक कडी होती. आईनं माझा पाळणा तिलाच बांधला होता. ती कुठं आहे?”

गवंडी घुटमळला. “ताई, कडी जोत्यात कशी दिसणार?”

“दिसणार नाहीच. ऐकायला यायचं होतं.”

गवंड्यानं शिडी भिंतीला टेकवली आणि तो म्हाताऱ्याशेजारी खाली बसला. “सांगा, आजोबा,” तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत म्हातारा सांगत होता. जातं, देवळी, मागाची जागा, बायको हंडा उतरवायची तो कट्टा. जिथं म्हातारा वाढवून सांगायचा तिथं लेक म्हणायची, “बाबा, वीतभर कमी करा,” आणि तिघंही हसायची. चिमाच्या डोळ्यांतलं पाणी मात्र थांबत नव्हतं.

छप्पर शाकारून झालं. कडी बसली. म्हाताऱ्यानं पारावर जाऊन ‘माझं घर मला मिळालं’ असं म्हटलं, आजीनं धान्य दिलं, आणि पुढं चिमाला मुलगी झाली. बारशाला गाव लोटलं. ओसरी खच्चून भरली, आणि घरधन्यालाच बसायला जागा उरली नाही. तो अंगणात उभा राहून आपल्या इवल्याशा ओसरीकडे बघत होता. बायकोची आठवण येत होती, पण त्या दिवशी त्याला काही कमी वाटलं नाही.

त्यानंतर त्या गावात कुठल्याच गवंड्यानं घर ऐकल्याशिवाय थापी उचलली नाही. आणि कुठल्याही घरधन्यानं तक्रार करायच्या आधी आपलं जोतं आपल्या हातानं मोजून बघितलं.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आठवणीच्या मापानं घर मागू नये, आणि आठवण ऐकल्याशिवाय घर बांधू नये.