तळकोंडची लोलक नसलेली घंटा

घंटा मोडलेली नाही, पाहुणे. आधीच सांगून ठेवलेलं बरं. वर येणारा प्रत्येक जण मान उंचावून आत बघतो आणि म्हणतो, "अहो आजोबा, लोलक पडलाय वाटतं, बसवून का घेत नाही?" जसं काही आमच्या अख्ख्या तळकोंडला ते आजवर दिसलंच नव्हतं! बसा इथं कट्ट्यावर. चढून आलात, दम खा. भैरोबाच्या या घंटेला लोलक का नाही, ते ऐका आणि मग काय ते बोला.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या भैरोबाची पूजा सिदोजी गुरवाकडे होती, असं सांगतात. माणूस सरळ, कामाला चोख, पण डोक्यात एकदा काही शिरलं की बाहेर निघायचं नाव नाही. त्याची बायको येसू. दोघांचंच घर, मूलबाळ नव्हतं, पण एकमेकांवर जीव होता. एका चैत्रात येसूच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, पाय उचलेना. काल डोंगरावरून मोळी आणणारी बाई आज कुशीवर वळायला दुसऱ्याची वाट बघायला लागली. सिदोजीचं काळीज फाटलं. वैदू झाले, अंगारे झाले, कशाचाच गुण येईना.

त्या दिवसांत एक गोसावी देवळात उतरला होता म्हणे. सिदोजीनं त्याचे पाय धरले, "महाराज, माझी येसू चालायला लागली पाहिजे. देवाला काय देऊ सांगा." गोसावी म्हणाला, "देऊ नकोस काही. भैरोबा येईल तुझ्याकडे. आला की कळलं मात्र पाहिजे. लक्ष ठेव." एवढंच बोलला आणि सकाळी आपल्या वाटेनं गेला.

आता लक्ष ठेव म्हणजे कुठं, हे काही त्यानं सांगितलं नव्हतं. ते सिदोजीनं आपल्या डोक्यानं ठरवलं. माणसाच्या घरी पाहुणा आला की कडी वाजवतो, देवाच्या घरी येणारा घंटा वाजवतो. तेव्हा देव आला की घंटा आपोआप वाजणार! झालं, गुरव घंटेखाली ठाण मांडून बसला.

बरं, नुसता बसून राहिला असता तर चाललं असतं. पण त्याला वाटलं, माणसांनीच घंटा वाजवली तर देवाची कुठली आणि माणसाची कुठली, कसं ओळखायचं? म्हणून त्यानं घंटेखाली करवंदीच्या काट्या रचल्या. कुणी हात लावायचा नाही. माकडं दिसली की गोफण. वारा सुटला की बाजूनं घोंगडी बांध. सासरी निघालेल्या लेकी लांबून हात जोडून जायच्या. जत्रासुद्धा बिनघंटेची झाली, असं म्हणतात. गाव कुरकुरलं, पण येसूकडं बघून गप्प बसलं.

सिदोजी पहाटे उठून येसूला भाकरी-पाणी उशाशी ठेवायचा आणि वर चढायचा. उतरायचा तो दिवे लागल्यावर. तरी कान वरच. येसू सांगायला बघायची, "अहो ऐकलं का, आज माझ्या अंगठ्यात जरा..." की हा बोट ओठांवर ठेवायचा, "गप गं, घंटा वाजली तर ऐकू येणार नाही." तिच्याच पायांसाठी देवाची वाट बघत होता बिचारा, आणि तिलाच गप्प बसवत होता. हळूहळू तिनं सांगायचं सोडलं.

पाऊस येऊन गेला. भातं पिवळी पडली. घंटा काही वाजली नाही.

मग एका दुपारी, वारा नाही की माकड नाही, जुनी कडी झिजून तुटली आणि लोलक थाडकन खाली काट्यांत पडला. सिदोजी त्याच्याकडे बघतच राहिला. घंटेला आता आवाजच उरला नव्हता. देव आला तरी कळवणार कसा? त्याला वाटलं, देवानं नाहीच म्हणून सांगितलं. त्यानं लोलक धोतराच्या सोग्यात घेतला आणि भर दुपारी घरची वाट धरली. इतक्या महिन्यांत दुपारचं घर त्यानं बघितलंच नव्हतं.

अंगणाबाहेर आला तर आतून हसणं ऐकू आलं. आणि ठक्, ठक्, जमिनीवर काहीतरी टेकल्याचा आवाज. कुडाआडून त्यानं बघितलं. भिंतीला लागून बांबूचा आडवा कठडा केलेला, सोप्यापासून थेट रांजणापर्यंत. रोज रात्री त्याच्याच बाजूनं जायचा, पण कान वर असलेल्याला तो कधी दिसलाच नव्हता. केरू सुतार खाली बसून वाकसानं नव्या काठीची मूठ तासत होता. चंद्रा लोहारीण चुलीवर तेल कोमट करत होती. आणि येसू, त्याची येसू, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात जुनी काठी घेऊन रांजणापाशी निघाली होती. पोचली. काठी भिंतीला टेकवली, तांब्या भरला आणि केरूला म्हणाली, "घ्या भावजी, पाणी प्या." तांब्या उजव्या हातात होता.

सिदोजीच्या सोग्यातून लोलक खाली पडला. तिघांनी वळून बघितलं.

"कधीपासून?" एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

"भाताची आवण लावली तेव्हा उभी राहिले," येसू म्हणाली. "आता कापणी आली."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की. तुम्हाला घंटा ऐकायची होती."

तिनं ते रागानं म्हटलं नाही, असं सांगतात. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो उंबऱ्यावर मटकन बसला आणि हुंदके देत म्हणाला, "मी तिथं डोळ्यांत तेल घालून बसलो, आणि देव आलाच नाही गं."

चंद्रा लोहारीण तोंडाची फटकळ. ती उसळली, "आलाच नाही? मग आम्ही काय इतके दिवस इथं माश्या मारत होतो?"

येसूनं तिला हातानं थांबवलं. म्हणाली, "आला होता हो. रोज येत होता. कधी तेलाची वाटी घेऊन, कधी वाकस घेऊन. तुम्ही तेवढे घरी नव्हता."

दुसऱ्या दिवशी येसू काठी टेकत, थांबत थांबत हे टेपाड चढली. मागं सारं गाव. सिदोजीनं आपल्या हातानं काट्या काढल्या. चंद्राचा नवरा म्हणाला, "लोलक आण इकडे, संध्याकाळपर्यंत बसवून देतो." सिदोजी म्हणाला, "नको. तो बसवलात तर मी पुन्हा त्याच्याकडेच बघत बसेन. ज्याच्या हातात जे असेल, त्यानं त्यानंच वाजवा." केरूनं घंटेवर वाकसाची दांडी मारली, चंद्रानं भट्टीचा चिमटा मारला. येसूनं काठी टेकवली, तिचा आवाज जेमतेम ठक् एवढाच. सिदोजी त्या काठीपुढं आडवा झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "आला!"

तो लोलक आजही आमच्या चंद्राच्या वंशजांच्या भात्यापाशी पडलेला आहे, कुणी बसवायला मागत नाही. आजही पहाटेचा पहिला ठोका गुरवाची सून काठीनं देते. मग शेतावर निघालेला कोयत्यानं, शाळेची बाई छत्रीच्या मुठीनं, एसटीचा कंडक्टर मुक्कामाला असला तर तिकिटांच्या पेटीनं. ठोका पडला की जवळ असेल त्यानं "आला" म्हणायचं. कोण आला, ते कुणी विचारत नाही.

तर पाहुणे, तुमच्या हातात काय आहे? गाडीची किल्ली? चालेल की. उठा, वाजवा. "आला" म्हणायला मी बसलोय इथं.