फोटोखालच्या चार ओळी

शाळेच्या स्मरणिकेत अध्यक्ष रावसाहेब ढमाले आणि पुरात गेलेले खोपकर मास्तर यांचे फोटो शेजारी शेजारी लावले होते. छपाईआधी पान पाहून रावसाहेब उखडले.

“माझ्या फोटोखाली पदांसकट चार ओळी आणि यांचं नुसतं नाव! पान लंगडं दिसतंय. मास्तरांना मागे कुठेतरी टाका.”

मास्तरांच्या पत्नी इंदुबाई तिथेच बसल्या होत्या. त्या पान जुळवणाऱ्या ऑपरेटरला म्हणाल्या, “यांच्या नावाखाली एकाखाली एक लिहा. गौरी साठे. रुक्साना मुलाणी. छाया कांबळे. झाल्या चार ओळी.”

“या कोण?” रावसाहेबांनी विचारलं.

“यांनी पुरातून काढलेल्या मुली. चौथ्या मुलीला आणायला पुन्हा पाण्यात उतरले, ते आलेच नाहीत. नाहीतर रावसाहेब, यांची एक ओळ तुमच्यापेक्षा जास्त भरली असती.”