खिडकीच्या फळीवरचे ठिपके

एका वृद्ध चित्रकाराला एकदा त्यांच्या शिष्येने आळशी ठरवले. अर्थात, मनातल्या मनात.

कारणही तसेच होते. ॲक्रिलिकचा कोणताही रंग मिसळला की हे गृहस्थ आधी त्याचा एक ठिपका खिडकीच्या फळीवर लावीत आणि चहा पीत बसत. चहा संपला की ठिपक्याकडे निरखून पाहत आणि मगच चित्राला हात घालीत. ती फळी ठिपक्यांनी पार भरून गेली होती. शिष्या तेलरंगात नाव मिळवून आलेली. हात चपळ, नजर तीक्ष्ण. तिला वाटे, पाच मिनिटांत सुकणारा रंग, त्यात चहा कसला पिता!

गावातल्या तांब्यापितळेच्या एका व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत आईचे चित्र नव्या चौकटीसाठी आणून दिले होते. म्हातारीने आयुष्यात कधी फोटो काढू दिला नव्हता. या चित्रकारासमोर मात्र ती एकदा बसली होती. तिचा चेहरा जगात उरला होता तो एवढाच. दुसऱ्या दिवशी तिचे वर्षश्राद्ध होते. जुनी चौकट काढताना शिष्येच्या हातातली पक्कड निसटली आणि चित्रातल्या डाव्या गालावर ओरखडा उमटला.

गुरुजी बाहेर गेले होते. तिने गालाचा रंग हुबेहूब जुळवला आणि ओरखड्यावर लावला. ओरखडा दिसेनासा झाला. पण रंग सुकत गेला तसा तिथे काळसर डाग उठला. तिने पुन्हा जुळवला, पुन्हा डाग. गुरुजी परतले तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

“माझ्या हातून त्यांची आई गेली, गुरुजी.”

गुरुजी रागावले नाहीत. बारीक पॉलिश कागद पाण्यात बुडवून त्यांनी डाग हलकेच उतरवला. मग रंग मिसळला, फळीवर ठिपका लावला आणि चहा मागितला. ठिपका सुकल्यावर मान हलवली, रंगात थोडा पांढरा घातला, पुन्हा ठिपका, पुन्हा चहा. अखेर त्यांनी तो रंग गालावर लावला, तशी शिष्या कळवळली.

“अहो गुरुजी, हा तर सरळसरळ फिका आहे! गालावर कोड उठल्यासारखं दिसतंय.”

“दिसू दे. तुझा चहा निवतोय बघ.”

चहा कसला घशाखाली उतरतो! ती चित्राकडेच पाहत राहिली. तो फिका डाग हळूहळू गडद झाला, गालाच्या रंगात मिसळला आणि थोड्या वेळाने कुठे होता तेही सांगता येईना.

“तुझी नजर चुकली नव्हती,” गुरुजी म्हणाले. “तू ओला रंग सुक्या रंगाशी जुळवलास, एवढंच. या रंगात दुधाळ चीक असतो. ओला आहे तोवर तो रंगाला उजळ दाखवतो. सुकला की चीक पारदर्शक होतो आणि रंग आपल्या खऱ्या गडदपणावर येतो. कोणता किती गडद होईल, ते चाळीस वर्षांत मलाही तोंडपाठ झालेलं नाही. म्हणून मी त्याला आधी फळीवर विचारतो. मोठा गुणी रंग आहे हा! पाच मिनिटांत खरं सांगून मोकळा होतो. माणसाला वर्षं लागतात. आपल्याला मात्र पाच मिनिटं बसवत नाही.”

संध्याकाळी व्यापारी आला. शिष्येने त्याला सगळे खरे सांगितले; लपवावे असे तिला वाटलेच नाही. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने चष्मा चढवला, चित्राशी वाकला आणि बराच वेळ आईच्या चेहऱ्यावर ओरखडा शोधत राहिला. मग बोट पुढे करून त्याने हलक्या आवाजात विचारले, “इथे लागलं होतं का हो तिला?”

त्याचे बोट उजव्या गालावर होते.

शिष्येने गुरुजींकडे पाहिले आणि चहाचे आधण ठेवायला उठली.