हैबतीची पाळी

ही आख्यायिका मी खडकवेढे येथे, मार्गशीर्ष शुद्ध दशमीच्या सकाळी, अनसूयाबाई लगड यांच्याकडून ऐकली. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. पुढे दोनदा ती पुन्हा सांगवून घेतली. तपशिलात फरक पडला नाही.

फार फार वर्षांमागे या गावच्या भैरोबाची एक घोडी होती. तिचे नाव केवडी. तिची कातडी इतकी नाजूक होती की वाऱ्याने उडालेले पान अंगावर पडले तरी ती शहारत असे, असं म्हणतात. हैबती हा तिचा मोतद्दार. डास आणि गोमाश्या तिला फाडून खात, म्हणून तो संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करी, पोटाला करंजीचे तेल चोळी. विरळ कापडाची एक झूलही त्याने शिवली होती.

"हैबती, अंगडं तर झालं, आता पाळणा कधी बांधतोस?" असे लोक त्याला चिडवीत.

गावाची एक रीत होती. कुणावर आळ आला की भाद्रपदात भर दुपारी त्याने केवडीच्या मानेवर हात ठेवायचा. घोडी शहारली वा तिने पाय आपटला, तर तो दोषी. त्या दिवशी मात्र देवाच्या घोडीच्या अंगावर काही असता कामा नये, म्हणून झूल काढली जाई, तेल धुतले जाई, धूरही बंद असे.

एका वर्षी देवळातली चांदीची समई नाहीशी झाली. आळ आला सगुणा नावाच्या विधवेवर, कारण देवळातले दिवे तीच घाशी. तिने हात ठेवला आणि केवडीने पाय आपटला. घोडीच्या पोटाला गोमाशी डसलेली हैबतीने पाहिली होती. तो बोलला नाही. सगुणा त्याच दुपारी एका लुगड्यानिशी वेशीबाहेर गेली.

त्यानंतर हैबतीने कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, असं म्हणतात.

पुढच्या भाद्रपदात येसू साळी या म्हाताऱ्यावर बांधाचा दगड सरकवल्याचा आळ आला. त्या दुपारी हैबती अंगरखा काढून घोडीला खेटून उभा राहिला. तो पुटपुटला, "या, मला खा." आणि केवडीच्या अंगावरची एकेक माशी उठून त्याच्यावर बसली. त्याची पाठ काळ्या घोंगडीसारखी दिसू लागली, असं म्हणतात. त्याने हात हलवला नाही. घोडी दगडासारखी निश्चल राहिली.

"सुटलास, येसू," पाटील म्हणाले.

"थांबा, पाटील," हैबती म्हणाला. "सगुणाच्या वेळी हिच्या पोटाला गोमाशी होती. मी बघितली होती."

"मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?"

"भ्यालो. देवाच्या घोडीला खोटी कसं म्हणू?"

तेव्हा पाटलांची आई पुढे आली. "त्याला एकट्याला कशाला बोलतोस, बाबा? माशी मीपण बघितली होती."

मग मागून कुणी म्हणाले, "मीपण." आणखी कुणी म्हणाले, "मीपण." शेवटी पाटील खाली बसले आणि त्यांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले.

ती रीत त्या दिवशी संपली. सगुणेच्या शोधात चारी दिशांना माणसे गेली.

आजही भाद्रपदात एका दुपारी भैरोबाच्या घोडीला झूल घालून सावलीत बांधतात. घरटी एक माणूस उघड्या हातांनी तिच्याजवळ घटकाभर उभा राहतो. स्वतःच्या अंगावर बसलेली माशी त्याने हाकलायची नसते. याला 'हैबतीची पाळी' म्हणतात. त्या वेळी कुणी कुणाकडे पाहत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

एका गोष्टीची खातरजमा मात्र मला करता आली नाही. सगुणा परत आली का, असे मी अनसूयाबाईंना तिन्ही वेळा विचारले. "आली असेल," असे त्या मान खाली घालून म्हणाल्या. "आली," असे एकदाही म्हणाल्या नाहीत.