दर्याकडचं बिनफळ्यांचं दार

आत या, पण डोकं सांभाळा. हा माडीचा गुत्ता बांधणाऱ्याने उंच माणसांचा विचारच केलेला नाही. भिंती जाड चिऱ्याच्या, आढ्याला एका फुटलेल्या गलबताची डोलकाठी. गावाकडच्या दाराला कडी, कोयंडा, कुलूप सगळं आहे. दर्याकडच्या दाराला मात्र नुसती फणसाची चौकट. चोरांची सोय केलीत की, म्हणून पाहुणे हसतात. चौकटीच्या दोन्ही बाजूंना अडसराची भोकं आहेत, त्यांत हात घालून बघा. एके काळी इथे दार होतं आणि ते आतून घट्ट लावता येत होतं.

तेव्हा हा गुत्ता मथुरा भंडारीण चालवायची, असं सांगतात. तिचा नवरा बाबल गलबत घेऊन मंगळूरहून कौलं आणायला गेला, तो वैशाख संपला तरी परतला नाही. गावाने त्याला बुडालेला धरलं. मथुरा ते मानेना. कुंकू पुसायला आलेल्या बायकांना तिने दारातूनच परत पाठवलं म्हणे.

श्रावण लागला. नारळी पौर्णिमा व्हायची होती, म्हणजे दर्या बंद. अशा दिवसांत पाण्यावरून जिवंत माणूस येत नाही, बुडालेलाच हाक मारत येतो, ही इथली पक्की समजूत. एका दुपारी वादळाने अंधारून आलं, भरतीचं पाणी भिंतींना लागलं आणि दर्याकडचं दार कोणीतरी ठोठावू लागलं.

"मथुरे, दार उघड. मी इलंय."

आवाज बाबलचाच होता. मथुरा धावली, अडसराला हात घातला आणि थबकली. लग्न झाल्यापासून बाबलने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्या काळी कोणता नवरा मारायचा? 'अगो' म्हटलं की झालं. मग आज हा नाव कसं घेतो?

माडी पीत बसलेला म्हातारा दाजी म्हणाला, "नाव घेता तो बाबल न्हय. दर्यो बंद आसा, थयसून जितो माणूस येवचो नाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मथुराने हात मागे घेतला. हाक येत राहिली, बारीक झाली, मग थांबली.

पाणी ओसरल्यावर त्यांनी दार उघडलं. उंबऱ्याला टेकून बाबल बसला होता. पलीकडे खडकात फुटकी होडी अडकली होती. गलबत बुडालं तरी तो वाचला होता, आणि घरच्या ओढीने पौर्णिमेचीही वाट न बघता किनाऱ्याकिनाऱ्याने आला होता. मथुराने त्याच्या छातीवर हात ठेवला. श्वास नव्हता, पण छाती अजून कोमट होती.

भूत कोमट नसतं. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, तरी इथवर आलो की माझ्या अंगावर काटा येतो. मथुरा म्हणाली,

"तेना आज पयल्यांदा माझा नाव घेतल्यान, आणि मी ओ देवक नाय."

मग तिने कुऱ्हाड आणली आणि दाराच्या फळ्या उखडल्या. तुम्ही बसलात ते बाक त्याच फळ्यांचं आहे, असं म्हणतात. दाजीला ती पुढेही माडी देत राहिली, पण याच बाकावर बसवून.

आजही पावसाळ्यात त्या चौकटीतून पाणी आत येतं. आम्ही पाय वर घेऊन बसतो, पण फळ्या बसवत नाही. आणि नारळी पौर्णिमेला दर्या उघडला की गावातला प्रत्येक नवरा त्या चौकटीबाहेर उभा राहून बायकोला नावाने हाक मारतो. नवी पोरं लाजतात, म्हातारे त्यांना पुढे ढकलतात. आतून बायको ओ देते. ती ओ ऐकल्याशिवाय कोणी होडीत पाय ठेवत नाही.