जळव्याचा ताप

एकदा एका वृद्ध डॉक्टरांना आपल्या रोग्याचा उतरलेला ताप पुन्हा चढलेला पाहून बरे वाटले. ताप चढल्याने कोणत्या डॉक्टरला बरे वाटेल, असे आपण विचाराल. त्यांच्या शिष्येनेही तेच विचारले होते. मात्र तिला उत्तर मिळेपर्यंत एका गरिबाच्या पायाची दोन बोटे गेली होती, म्हणून ही गोष्ट जरा सावकाश ऐकावी.

उसाच्या मुलखातले ते गाव. दिवाळी सरली की तिथे गुऱ्हाळे पेटत. सातापा नावाचा माणूस अशाच एका गुऱ्हाळावर जळव्या होता. रस उकळणाऱ्या काहिलीखाली वाळलेली चिपाडे सारत राहायचे आणि जाळ हवा तेवढा राखायचा, हे त्याचे काम. एके सकाळी शेतातून येताना तोडलेल्या उसाचा जमिनीत उरलेला टोकदार सड त्याच्या तळपायात घुसला. त्याने चिंधी बांधली आणि कामाला लागला. दोन दिवसांनी पाय भोपळ्यासारखा सुजला, अंग तापाने फणफणले, तेव्हा त्याला दवाखान्यात आणले.

डॉक्टर त्या आठवड्यात परगावी होते. दवाखाना शिष्येकडे होता. ती हुशार होती आणि मनाने मऊ होती. तिची बाजू घ्यावी म्हणून मी हे सांगत नाही. मऊ मनाची माणसेही कशी चुकतात, हे कळावे म्हणून सांगतो. तिने जखम नीट धुतली, जंतू मारणारे औषध योग्य तेच दिले. इथे ती थांबली असती तर ही गोष्ट झालीच नसती. पण सातापाबरोबर गुऱ्हाळाचा मालक आला होता. तो हात जोडून सांगू लागला, की ऊस तोडून पडला आहे, दुसरा जळव्या मिळत नाही, काहीही करा पण माणूस उभा करा. इकडे सातापा कण्हत होता. शिष्येला ते पाहवेना. तिने सूज आणि वेदना झटकन उतरवणारे एक इंजेक्शन दिले.

संध्याकाळपर्यंत ताप गेला. सकाळी सातापा स्वतःच्या पायांनी चालत गुऱ्हाळावर गेला. मालकाने शिष्येला गुळाची ढेप पाठवली आणि गावात तिच्या हाताला गुण असल्याची चर्चा झाली. दोन दिवस सातापा जाळापुढे उभा राहिला. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो तिथेच कोसळला.

डॉक्टर नेमके त्याच दिवशी परतले. त्यांनी पायाला हात लावला, तर तो गरम नव्हता. गार होता, आणि घोट्यापर्यंत काळानिळा पडला होता. अंगाला थंड घाम सुटला होता, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. जखम उघडली तेव्हा तिच्यातून पू आला नाही, नुसते गढूळ पाणी आले. काय काय दिले होते, असे त्यांनी विचारले. शिष्येने काही न लपवता सांगितले. त्यांनी लगेच शहरात निरोप धाडला. शहरातून शल्यचिकित्सक आले. कुजलेले मांस आणि दोन बोटे काढावी लागली. सातापाची बायको त्याच्या जगण्याची हमी मागत होती. ती डॉक्टरांनी दिली नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी सातापाचे गार अंग तापू लागले. बघता बघता ताप एकशे दोनवर गेला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. शिष्या ताप उतरवणारे औषध आणायला धावली, तर डॉक्टरांनी तिचा हात धरला. त्यांनी पट्टी सोडवून जखमेत वाकून पाहिले. कडेला लाली आली होती आणि घट्ट पिवळा पू धरू लागला होता. त्यांनी नवी पट्टी बांधली, नाडी मोजली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून चहा मागितला. म्हाताऱ्याचे डोके फिरले की काय, अशा नजरेने बायको त्यांच्याकडे पाहत राहिली.

बाहेर ओसरीवर शिष्येने जरा रागानेच विचारले, की तो जळतो आहे आणि आपण चहा कसला घेता?

डॉक्टरांनी तिला शेजारी बसवले.

"आपल्या रक्तात जंतूंना खाणाऱ्या पेशी असतात," ते म्हणाले. "एरवी त्या काटकसरीनं जगतात. थोडी साखर, थोडी चरबी, श्वासातून आलेल्या हवेवर अगदी सावकाश आणि पुरती जाळतात. जंतू घुसले की त्या जळणाची रीतच बदलतात. साखर भराभर ओढतात, अर्धवट जाळतात, निम्मी वाया घालवतात. तू गुऱ्हाळ पाहिलं आहेस. आधण उकळायचं असतं तेव्हा जळव्या चिपाडं मोजत बसत नाही. तशीच ही उधळपट्टी असते, पण ती मूर्खपणाची नसते. लढायला लागणारं बळ तीच लवकर पुरवते, आणि जंतूंवर टाकायचा दारूगोळाही त्याच घाईत तयार होतो. माणूस गळून जातो तो काही अंशी या खर्चानं."

"म्हणून तर मी तो खर्च थांबवला," शिष्या हळू आवाजात म्हणाली.

"थांबवलास खरा, पण जंतू अजून आत होते. त्या अर्धवट जाळातून पेशीत एक पदार्थ साठतो, बाळ. तो जंतूंची वाढ रोखतो, आणि तोच पुढे पेशीला सांगतो, आता आवर. म्हणजे जाळ आवरायची सोय जाळाच्याच पोटी जन्माला येते. मग त्याच जागी पेशी पुन्हा सावकाश जाळू लागतात आणि जखम भरून आणतात. तुझ्या इंजेक्शननं त्यांना लढाईच्या मध्यावर जखम भरायच्या कामाला लावलं. वेदना गेली, कारण लढणारं कुणी उरलं नव्हतं. आज ताप आला, म्हणजे पेशींनी पुन्हा जाळ धरला आहे."

मग ते इंजेक्शन कधी देऊच नये का, असे तिने विचारले. ते म्हणाले की तसे नाही. काहींचा जाळ जंतू मेल्यावरही आवरत नाही, आपलेच घर जाळत सुटतो, तिथे तेच औषध प्राण वाचवते. तापाचेही तसेच, तो मर्यादेबाहेर गेला तर ते स्वतः उतरवणार होते, म्हणून तर उशाशी बसून होते.

"औषध वाईट नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "तो जाळ कशासाठी पेटला होता, हे बघायचं तू विसरलीस, कारण दारात मालक उभा होता."

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. हे सातापाला सांगू का, असे तिने विचारले. डॉक्टर म्हणाले, की ते ठरवणे आपले काम नव्हे, तिचेच. एवढे बोलून ते रोग्यापाशी जाऊन बसले.

पुढच्या तीन दिवसांत ताप आपसूक ओसरला. जखम तळापासून लाल भरू लागली. सातापा उठून बसला, त्याने अर्धी भाकरी खाल्ली. त्या दुपारी शिष्या त्याच्या खाटेपाशी आली. तिने सोपे शब्द योजून ठेवले होते, पण आयत्या वेळी तिला एकच वाक्य सुचले.

"सातापा, तुमची बोटं माझ्या इंजेक्शनमुळं गेली."

तिने सगळे सांगितले. तो चिडेल, ओरडेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. त्याने पायाच्या पट्टीवरून हात फिरवला.

"म्हंजे माझी चूक न्हवती म्हणायची?" त्याने विचारले.

"नव्हती."

त्याने मोठा श्वास सोडला. आठवडाभर मालक म्हणत होता, की जखमेचा पाय घेऊन घाणीत हिंडला म्हणून असे झाले. बायकोने तेच मनाशी धरले होते. आता लंगड्या नवऱ्याला आणि दोन पोरांना कसे पोसू, असे ती त्याला येता-जाता सुनावत होती. त्याला स्वतःलाही ते खरे वाटू लागले होते, आणि बोटे गेल्याच्या दुःखापेक्षा त्याला या चुकीची लाज जास्त वाटत होती. आपण न पत्करलेली चूक आपल्याहून दुबळ्याच्या माथी जाते, हे शिष्येला त्या क्षणी समजले.

"येवढं आमच्या कारभारणीला सांगशीला, डाक्टरीणबाई? माझं खरं वाटायचं न्हाई तिला."

बायको मागच्या नळावर भांडी घासत होती. शिष्या तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत गेली, मालकाने हात जोडले तिथपासून. डॉक्टर खिडकीतून पाहत होते. ते मध्ये पडले नाहीत. ऐकता ऐकता बायकोचे हात थांबले. हात धुऊन, पदराला पुसून ती आत आली, नवऱ्याच्या पायथ्याशी बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने तो पाय आपल्या मांडीवर घेतला.